नकटीची चाल

४ जानेवारी

प्रिय भिंगरी,

आधी शेवट सांगतो, म्हणजे मधल्या ओळी नीट वाचशील: नकटी जिवंत आहे. आता बूड टेकव आणि पुढचं वाच.

सोमवारी ती गॅलरीच्या कठड्यावरून पडली. कबुतराच्या मागे लागली होती. तुझी आई म्हणायची ना, या मांजराने जन्मात एक कबूतर धरलं नाही पण आशा काही सोडली नाही, तसंच. मी जिना उतरून धावलो, तर ही पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत घराकडेच निघाली होती. मागचं अर्धं अंग नुसतं फरफटत होतं, जणू दुसऱ्याच कुणाचं. मी जन्मभर दोऱ्यांच्या बाहुल्या नाचवल्या. कंबरेची दोरी तुटलेली बाहुली कशी दिसते हे मला कुणी सांगायला नको. मी तिला फळकुटावर घेतलं आणि रिक्षावाल्याला म्हटलं, बाबा, उडव.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत आणि मोजकं बोलतात. त्यांनी मागच्या पायाचं बोट चिमट्यात दाबलं. पाय मागे गेला. मी ओरडलो, ‘‘आहे, आहे! पायात जीव आहे!’’ त्या म्हणाल्या, ‘‘काका, पाय आपोआपही मागे जातो. त्याला अर्थ नाही. दुखलं हे तिला कळायला हवं. तिने वळून बघायला हवं.’’ आणि अजून जोरात दाबलं. नकटीने सावकाश मान वळवली आणि बाईंवर फिस्कारली. बाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. शिवी खाऊन इतका खूश झालेला माणूस मी प्रथमच पाहिला.

मणक्यातली चकती सरकून आतल्या मज्जारज्जूवर दाबली गेली होती. ऑपरेशन ठरलं, तर दिवे गेले. दिवे आले, तर भूल देणारे डॉक्टर वाटेत अडकले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते उगाच नाही. पण झालं. नंतर बाईंनी फोटो उजेडावर धरून मला दाखवला. अगं, तो रज्जू बुटाच्या नाडीएवढा! आणि उडी, शेपटी, झोप, राग, सगळ्याच्या दोऱ्या त्या एका नाडीतून जातात, न गुंतता. माझ्या राणीच्या बाहुलीला अवघ्या नऊ दोऱ्या, आणि त्या गुंतू नयेत म्हणून माझा जन्म गेला. मी तो फोटो बघत उभाच राहिलो. शेवटी बाई म्हणाल्या, ‘‘काका, पुढचा पेशंट आहे.’’

आता खरं ते. फेब्रुवारी संपेपर्यंत पाय आपले आपण हलले नाहीत तर पुढे फार आशा नाही, असं त्या म्हणाल्या. मग तिला तसंच ठेवायचं की कायमचं झोपवायचं, ते घरच्यांनी ठरवायचं. आता घरचे म्हणजे तू आणि मी. तुमच्या डोंगरावर फोन लागत नाही आणि सरकारी वायरलेसवर मांजराची खबर चालत नाही म्हणे, म्हणून हे टपालाने.

तुझा,
मामा


११ जानेवारी

प्रिय मामा,

आज सामानाची जीप आली, तिच्यातून तुझं पत्र आलं. मी ते उभ्यानेच वाचलं. तू बस म्हणालास ते वाचायच्या आतच पुढची ओळ वाचून झाली होती.

मला खाली येता येत नाही. इथे आम्ही तिघंच. एक गेला की हवामानाच्या नोंदी थांबतात, आणि माझी बदली मार्चशिवाय नाही. म्हणून माझे डोळे तूच. एक मागणं आहे. इथे आल्यावर आमच्या प्रमुखांनी मला पहिला धडा दिला: दिसतं ते लिहायचं, वाटतं ते नाही. ढग आहेत तर ढग लिही. पाऊस येईलसं वाटतं, ते मनात ठेव. तू मला तसं लिही. माझी समजूत काढू नकोस.

मामा, आईच्या शेवटच्या आजारात नकटी तिच्या पावलांवरून हलायची नाही. आई म्हणाली होती, ‘‘ही आहे तोवर माझे पाय कुठे आहेत ते मला कळतं.’’ आज दिवसभर तेच कानात आहे. आणि आठवतं का, दाराखालून पत्र सरकलं की नकटी त्याच्यावर कशी झडप घालायची? होस्टेलवरून मी लिहिलेलं एकही पत्र आईला भोकं पडल्याशिवाय मिळालं नाही. या पत्राला भोकं पडणार नाहीत, हे कळूनच मी ते पाकिटात घालतेय.

तिला सांग, मी आहे.

भिंगरी


२३ जानेवारी

प्रिय भिंगरी,

दिसतं ते लिही म्हणालीस. मग घे.

पाठीवरचे केस भादरलेले आहेत आणि मधोमध टाक्यांची रांग आहे. मागून बघितलं तर जुनी सुटकेस वाटते. दिवसातून तीनदा तिचं पोट दाबून तिला लघवी करवावी लागते. पहिल्या दिवशी मी भिजलो, दुसऱ्या दिवशी मी आणि उंबरठ्यावर चौकशीला आलेला समोरचा प्लंबर असे दोघे भिजलो. ‘‘माझ्या धंद्यात हे चालायचंच,’’ म्हणाला बिचारा. पाय चोळतो, वाकवतो, सरळ करतो. ती मला पाण्यात पाहते, पण चावत नाही. आणि घुरघुरते! मी तिला पाळण्यातल्या पोरासारखं हाताळतो, टाके पुसतो, आणि आतून ते यंत्र सुरू. अर्धं शरीर हरवलं आहे आणि ही बाई खुशीत. मला याचा अर्थ लागत नाही. मी नुसता कान लावून बसतो.

आता मुख्य गोष्ट. बाईंनी सांगितलं की पोटाखाली टॉवेल घालून तिचं मागचं वजन उचलून धरा आणि तिला उभी करा. माझी कंबर एका दिवसात बोंबलली. म्हणून मी मखमलीचा पट्टा शिवला, त्याला दोन दोऱ्या लावल्या आणि वर धरायला लाकडी फळी. पंजे उलटे पडून घासले जात होते, म्हणून मऊ मोजे शिवले आणि बोटं वर राहावीत म्हणून त्यांनाही एकेक दोरी. हे मला अर्ध्या दुपारीच जमलं. शेवटी कारागीर आहे तुझा मामा.

आणि भिंगरी, ती चालली!

मी नुसती फळी धरली होती. तिने उजवा पाय उचलला. हवेत क्षणभर थांबवला. मग बोटं आधी, टाच मागून, असा अलगद टेकवला. मग डावा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेऊन दाखवलं. कंपाउंडर आतून धावत आला, पोपट घेऊन आलेला एक माणूस उभा राहिला, बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, ‘‘इतक्या लवकर मी कधी पाहिलं नाही.’’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाजवता आल्या नाहीत, माझे हात फळीत होते. जन्मभर माझं तेच होत आलंय. खेळ संपला की टाळ्या पडतात आणि माझे हात दोऱ्यांत.

तुझा भारावलेला,
मामा


३० जानेवारी

माझ्या मामा,

मी इतक्या जोराने ओरडले की आमचा आचारी पळी घेऊन बाहेर आला. त्याला वाटलं कडा कोसळला. मी दोघांना तुझं पत्र वाचून दाखवलं, प्रमुखांना दोनदा. ते कधी हसत नाहीत, आज हसले. बाहेर सगळं पांढरं आहे, वारा थांबला आहे, आणि मला हे सगळं नकटीनेच केलंय असं वाटतंय. आईला सांगावंसं वाटतं. कुणाला सांगू?

जीप उद्या निघणार, तोवर पाकीट उघडंच ठेवते.

३१ जानेवारी, सकाळ

मामा, हे लिहू की नको ते कळत नाही, पण लिहिते, कारण तुला धडा मीच दिला होता.

उजवा पाय उचलला, हवेत थांबवला, बोटं आधी, टाच मागून. मी लहानपणी तुझ्या रंगमंचाखाली बसून खेळ बघायचे, तेव्हा माझ्या नाकासमोर हेच पाऊल पडायचं. ही तुझ्या राणीची चाल आहे. दरबारात येतानाची.

नकटी जन्मात अशी चालली नाही. ती धपधप चालायची. आई म्हणायची, ही मांजर चालते की खिळे ठोकते? मांजराच्या जातीला लाज आणलीय हिने.

माझं चुकत असेल तर हवं ते बोल मला. पण फळी एकदा दुसऱ्या कुणाच्या हातात दे. ज्याला काहीच येत नाही अशाच्या.

भिंगरी


७ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र वाचून मी तुला मनात येईल ते बोललो. म्हटलं, पोरगी थंडीने बिघडली. मामाचा आनंद बघवत नाही. डोंगरावर बसून ढग मोजतेस, तुला काय कळतंय मांजरातलं? पत्र चुरगाळून टोपलीत टाकलं. मग काढलं, सरळ केलं आणि समोरच्या प्लंबरला बोलावलं.

त्याचे हात म्हणजे दोन लोखंडी पाने. पाइपाशिवाय त्याने कशाला हात लावलेला नाही. त्याला म्हटलं, ही फळी नुसती धर. त्याने धरली. नकटीचं मागचं अंग पट्ट्यात लोंबलं, ओल्या टॉवेलसारखं. पाय हलला नाही. मी म्हटलं, जरा वर घे. त्याने घेतली. काही नाही. तो घाबरून म्हणाला, ‘‘काका, मी मोडली की काय?’’

मग मी फळी घेतली, आणि या वेळी मांजराकडे न बघता स्वतःच्या मनगटांकडे बघितलं. ती हलत होती, गं. मी न सांगता. इकडे जरा झुकव, तिकडे जरा उचल, आणि खाली राणी दरबारात निघालेली. इतकी वर्षं या हातांना मीच शिकवलं की दोरी हातात आली की खालच्याला जिवंत करायचं. तर त्यांनी केलं. मी दवाखाना गोळा करून खेळ दाखवून आलो, आणि रडलोही मीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच असावं.

बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. म्हणाल्या, ‘‘काका, मलाही फसवलंत. नुकसान काही झालं नाही, पाय हलते राहिले. पण आता हात काढा. नुसतं वजन उचलून धरायचं, पुढचं तिचं तिला करू द्या.’’

भिंगरी, मला ते जमत नाही. मी दगडासारखा उभा राहतो आणि तरी मनगट हलतं. डोळे मिटले तरी हलतं. मला भीती वाटते. फेब्रुवारी संपत आला की त्या विचारतील, आणि मी काय सांगू? मला आता एकच कळतं, मी तुझ्या आईच्या मांजराची बाहुली केली.

यापुढे मी दिसेल तेच लिहीन. दिसलं नाही तर लिहिणार नाही.

मामा


२४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

७ तारखेच्या तुझ्या पत्रानंतर दोनदा जीप आली. तुझं पत्र नाही.

मी तुला लागेल असं लिहिलं. लिहायला हवं होतं, तरी लागलंच असणार. तू तिची बाहुली केली नाहीस, मामा. बाहुलीचं पोट दाबून, तिचे टाके पुसून, तिच्या घुरघुरण्याला कान लावून कुणी बसत नाही.

आता नीट वाच. महिना संपतोय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि तुला काही दिसलं नाही, तर माझ्या उत्तराची वाट बघू नकोस. टपालाला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तिला दुखत राहावं असं मला वाटत नाही. तू ठरवशील ते मला मान्य आहे. तिला मांडीवर घे आणि हात तिच्या अंगावर ठेव. तुझे हात असले म्हणजे झालं. मी नंतर तुला काही विचारणार नाही.

पण काहीही झालं असलं तरी एक ओळ लिही. मी रोज आकाशाच्या नोंदी करते आणि मला आकाश दिसत नाही.

तुझी,
भिंगरी


२ मार्च

प्रिय भिंगरी,

लिहिलं नाही, कारण दिसलं नाही. आता दिसलं आहे. जे दिसलं तेच सांगतो, एक शब्द जास्त नाही. होईल तेवढं.

माझे हात शहाणे होणार नाहीत हे कळल्यावर मी त्यांना कामावरून काढलं. माळ्यावरून रंगमंचाचा सांगाडा उतरवला. पडद्याची लांब सळई खोलीत आडवी बसवली आणि तिच्यावर सरकणारी कप्पी लावली. दोरीच्या एका टोकाला नकटीचा पट्टा, दुसऱ्या टोकाला पडदा वर ठेवायला आम्ही वापरायचो ती वाळूची पिशवी. वजन वाळू उचलणार. वाळूला नाच येत नाही. मोज्यांच्या दोऱ्या कापून टाकल्या. आणि मी खुर्चीत बसलो, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. खरंच सांगतो, स्वतःच्या हातांवर बसलो. प्लंबर डोकावला आणि आल्या पावली परत गेला.

ती नुसती लोंबत उभी राहायची. वाटी पुढे ठेवली तर खायची. माझ्याकडे अशी बघायची, की म्हातारा कामचुकार झाला. दिवस जात होते आणि मी बसून होतो. हातांवर बसणं इतकं कठीण असतं हे मला माहीत नव्हतं. माझ्यापुढे जिवंत प्राणी अडकून पडलाय, मनगटाच्या एका झुकावात मी तिला राणी करू शकतो, आणि करायचं नाही. मी दात आवळून बसायचो. एकदा रडलोही, पण हात काढले नाहीत. परवा बाई घरी येऊन गेल्या. पाय चाचपले. दारात म्हणाल्या, ‘‘सोमवारी बोलू.’’ सोमवारी काय बोलायचं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आज सकाळी दाराखालून तुझं पत्र सरकलं.

नकटीचे कान उभे राहिले. मग शेपटीचं टोक हललं. शेपटी, भिंगरी! ती पडल्यापासून मी ते टोक हललेलं पाहिलं नव्हतं. मग तिने मागचा डावा पाय पुढे ओढला. आपटलाच म्हण ना, धप्प. मग उजवा, तो डाव्यावरच पडला, त्याची गाठ झाली, ती तिरकी झाली, सळईवरची कप्पी करकरली. तिने पाय सोडवला आणि परत धप्प. इतकं वाईट चालणं मी जन्मात पाहिलं नाही. माझ्या कुठल्याही शिकाऊ पोराने बाहुली अशी चालवली असती तर मी त्याला हाकलून दिलं असतं. ताल नाही, तोल नाही, एक पाय पूर्वेला आणि एक पश्चिमेला. आणि म्हणूनच माझ्या अंगावर काटा आला. इतकं वाईट माझ्या हातांना जमलंच नसतं. हे तिचं होतं. खिळे ठोकत होती ती, गं. तुझी आई म्हणायची तसंच.

सळई दारापर्यंत पोचत नाही. कप्पी टोकाला जाऊन अडकली आणि ती खेचत राहिली. पिशवी वर चढली, पट्टा पोटावरून सरकत मागे आला आणि सुटला. ती पडली. मी अर्धा उठलो आणि परत बसलो. कसा बसलो ते माझं मला माहीत. ती पडल्यापडल्या एकदा तुझ्या पत्राकडे बघून घेते, मागचं अंग गोळा करते, आणि उठते. बिनदोरीची. वर काही नाही, भिंगरी. मी वर बघितलं, खरोखर मान वर करून बघितलं, की हिला कोण धरून आहे. छत होतं. तिथे कोळ्याचं एक जाळं होतं. ती लडखडत चार पावलं गेली आणि पत्रावर पडली.

आमच्या खेळात बाहुली प्रेक्षकांकडे कधी पाठ करत नाही. ही माझ्याकडे पाठ करून गेली, भादरलेल्या केसांची, टाक्यांच्या वणाची पाठ. मी इतकी वर्षं वर उभा राहून खेळ केला, समोर बसून एकही पाहिला नाही. आज पाहिला. आणि संपल्यावर लक्षात आलं की माझे दोन्ही हात रिकामे आहेत. मुंग्या आल्या होत्या त्यांना, बधिर झाले होते, तरी मी ते मांड्यांखालून काढले आणि टाळ्या वाजवल्या. एकटाच, खूप वेळ. ती वळून माझ्यावर फिस्कारली.

बाईंना निरोप धाडला आहे की सोमवारी बोलायचं काही नाही, फक्त बघायला या. तू कधी उतरतेस ते कळव.

तुझा,
मामा

ता. क. तुझं पत्र मी अजून वाचलेलं नाही. त्याला भोकं पडली आहेत, आणि ती त्याच्यावर बसली आहे. ऊठ म्हणायची माझी छाती नाही. काही तातडीचं लिहिलं असशील तर पुन्हा लिही.